कर्जाच्या फाइलमधला फोटो कोणाचा?

मध्य रेल्वेच्या एका उपनगरातून आलेलं पत्र आहे. नाव आणि स्टेशन दोन्ही गाळलंय. जिची ओळख एकदा चोरीला गेली, तिची ओळख मी पुन्हा चारचौघांत मांडावी हे बरं दिसत नाही.

‘ताई, मी ३४ वर्षांची आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मिस्टर कुरिअर कंपनीत सुपरवायझर आहेत. दोघांनी मिळून बदलापूरला वन बीएचके बघितला, टोकन दिलं. बँकेने होमलोन नाकारलं. म्हणे माझं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब आहे. मी आयुष्यात साधं क्रेडिट कार्ड घेतलेलं नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं की माझ्या नावावर दोन कर्जं आहेत. एक मोबाइलचं ४२,००० चं, दुसरं कुठल्याशा अ‍ॅपवरचं ८५,००० चं. दोन्ही दीड वर्षापूर्वीची, दोन्ही थकलेली. आता वसुलीवाल्यांचे फोन येतात. परवा तर सासूबाईंच्या मोबाइलवर आला. पोलीस म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते पोलिसांत जा. मिस्टर म्हणतात, एजंट ६०,००० मध्ये दोन्ही सेटल करतोय, भरून मोकळं होऊ. आणखी एक गोष्ट आहे, ती कोणालाच सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराने माझं आधार आणि पॅन त्याच्या मित्राच्या मोबाइलच्या दुकानात नेलं होतं, माझ्यासाठी नवीन सिम काढायला. ते सिम मी कधी नीट वापरलंही नाही. पोलिसांत गेले आणि घरचंच कोणी निघालं तर? मला झोप येत नाही. काय करू?’

साठ हजार भरू नका. सहा रुपयेसुद्धा भरू नका.

तुमच्या यजमानांचं मला कळतं. टोकन अडकलंय, बिल्डर रोज फोन करत असेल, आणि एजंट गोड आवाजात सांगतोय की एवढे टाका, सुंठीवाचून खोकला जाईल. नाही जाणार. कर्ज घेतलंच नाही म्हणणारी बाई त्याचे पैसे कशाला भरेल, हा प्रश्न पुढे तुम्हाला प्रत्येक टेबलावर विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय तडजोडीने मिटवलेलं कर्ज रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ दिसत नाही, ‘सेटल्ड’ दिसतं. म्हणजे ह्या माणसाने पूर्ण पैसे फेडले नाहीत, तोडपाणी केलं. होमलोनच्या टेबलावरचा माणूस तो एक शब्द वाचतो आणि फाइल बाजूला सरकवतो. मीही सरकवत असे.

मी २७ वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. आमच्याकडे तेव्हा दोन जामीनदार लागायचे, तेही समोर बसून सही करायचे. फोटो फॉर्मवर चिकटवला की मी एकदा फोटोकडे आणि एकदा चेहऱ्याकडे बघायची. तेव्हा फसवाफसवी होत नव्हती असं नाही, चांगली होत होती. पण फसवणाऱ्याला निदान बँकेच्या खुर्चीत येऊन बसावं लागायचं. आता चहा गार व्हायच्या आत फोनवर कर्ज मंजूर होतं. तरीही एक गोष्ट तेव्हा होती ती आताही आहे, ती म्हणजे फाइल. कागदाची नसेल, कॉम्प्युटरमध्ये असेल, पण असतेच. त्यात अर्ज असतो, केवायसीची, म्हणजे ओळख आणि पत्त्याच्या कागदांची, प्रत असते, अर्ज करणाऱ्याचा फोटो किंवा सेल्फी असतो, करार असतो, आणि पैसे कुठे गेले त्याची नोंद असते.

गेले काही आठवडे तुम्ही ज्याचा फोन येईल त्याला ‘मी कर्ज घेतलं नाही हो’ असं समजावत बसला असणार. ते आजपासून बंद. कर्ज तुम्ही घेतलंत हे दाखवायचं काम त्यांचं आहे. तुम्ही फक्त विचारायचं, आणि लेखी विचारायचं.

आता क्रमाने. सगळ्यात आधी तुमचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा. बँकेतल्या माणसाने स्क्रीनवर दाखवलेला चालणार नाही, पूर्ण हवा. आपल्याकडे अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्या वेबसाइटवर पैसे भरायचं बटण मोठं असतं आणि फुकटचं बारीक, तेवढं शोधावं लागतं. चारही काढा. एकीत दोन कर्जं असतील आणि दुसरीत तिसरं, असं होतं.

रिपोर्ट आला की स्कोअर बघून रडू नका. प्रिंट काढा, रात्री जेवणं झाल्यावर पेन्सिल घेऊन बसा आणि बाकी लोक जे वाचत नाहीत ते वाचा. त्यात पत्त्यांचा एक भाग असतो आणि फोन नंबरांचा एक. तुमच्या नावाने ज्याने अर्ज केला त्याने दिलेला पत्ता आणि मोबाइल तिथे आलेला असतो, कारण कर्ज देणारी कंपनी ते वर कळवते. जो पत्ता तुमचा नाही त्याखाली रेघ मारा. जो नंबर तुमचा नाही त्याखाली रेघ मारा. आणि त्या दिराच्या मित्राकडून काढलेल्या सिमचा नंबर तिथे दिसतोय का ते बघा. दिसला तर अर्धी गोष्ट उलगडली. खाली ‘एन्क्वायरी’ म्हणून यादी असते, म्हणजे तुमच्या नावाने कोणी कोणी कधी कर्ज मागितलं. नाकारलेली कर्जंही त्यात दिसतात. चोर सहसा एकाच दारावर थाप मारत नाही, आणि त्या तारखा पुढे पोलिसांना लागतात.

मग कर्ज देणाऱ्या दोन्ही कंपन्यांना पत्र. त्यांच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल असतो, त्यावरच पाठवायचं. कस्टमर केअरला फोन करून नाही, वसुली एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. मजकूर साधारण असा ठेवा:

‘अमुक क्रमांकाचं कर्ज माझ्या नावावर दाखवलं जात आहे. हे कर्ज मी घेतलेलं नाही. माझ्या कागदपत्रांचा गैरवापर करून ते घेतलं गेलं आहे. कृपया पुढील गोष्टींच्या प्रती द्याव्यात: मूळ अर्ज, त्यासोबतची केवायसी कागदपत्रं, अर्जदाराचा फोटो, सही किंवा ओटीपीने केलेला करार आणि तो ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर गेला तो नंबर, संदर्भ म्हणून दिलेली नावं आणि नंबर, कर्जाची रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील, आणि आजवर कोणी हप्ता भरला असल्यास तो कोणत्या खात्यातून भरला. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी आणि क्रेडिट कंपन्यांना हे कर्ज वादग्रस्त असल्याचं कळवावं.’

मोबाइलच्या कर्जाच्या पत्रात एक ओळ वाढवा: हँडसेट कोणत्या दुकानातून दिला, त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा वेगळा क्रमांक, काय. तो हँडसेट आज कोणीतरी वापरत असेल, आणि कोण वापरतंय हे पोलिसांनी मनावर घेतलं तर कळू शकतं.

पैसे कोणत्या खात्यात गेले, ह्या ओळीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून डिजिटल कर्जांसाठी नियम केला की रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवी, मध्ये तिसऱ्याचं खातं नको. वस्तूसाठी कर्ज असेल तर दुकानदाराला थेट जाऊ शकते, म्हणून मोबाइलचं वेगळं. पण ते ८५,००० कुठे गेले? तुमच्या पगाराच्या खात्यात तर आले नाहीत. मग एक तर कंपनीने नियम धाब्यावर बसवला, नाहीतर तुमच्या नावाने कुठल्यातरी बँकेत खातंही उघडलंय आणि ते तुम्हाला ठाऊक नाही. दुसरं निघालं तर त्या बँकेलाही असंच पत्र. काम वाढेल, पण केस पक्की होईल.

त्याच दिवशी ज्या ज्या क्रेडिट कंपनीच्या रिपोर्टमध्ये ही कर्जं दिसतात तिच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’, म्हणजे नोंदीवर हरकत, टाका. हे फुकट असतं. क्रेडिट कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि तो ‘हो, चूक आहे’ म्हणाला तरच बदलते. म्हणून दोन्हीकडे एकाच वेळी ढकलायचं. तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शंभर रुपयांनी तुमचं घर होणार नाही, पण पुढच्या ई-मेलमध्ये ‘मला ह्या नियमाची माहिती आहे’ असं एक वाक्य टाकलं की समोरची माणसं जरा सरळ बसतात. अनुभव आहे, मी त्या बाजूच्या खुर्चीत बसले आहे.

महिना उलटूनही उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं उत्तर आलं, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर होते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. वकील लागत नाही, फी नाही. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. म्हणून तर फोनवर बोलू नका म्हणते.

आता पोलीस. तुमच्यासारखी टोलवाटोलवी बऱ्याच जणांची होते, आणि त्याला थोडं कारणही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. त्यामुळे ड्यूटीवरचे साहेब आधी हातच झटकतात. तुम्ही तिथे जाऊन ‘माझं सिबिल खराब झालंय’ म्हणालात तर ते बँकेचंच काम वाटणार. सिबिलचं नाव काढू नका. ‘माझ्या नावाने, माझी कागदपत्रं वापरून कोणीतरी कर्ज घेतलंय, मला गुन्हा नोंदवायचाय’ असं म्हणा. दुसऱ्याची ओळख फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ६६-डी तोतयेगिरी करून फसवण्याचं. अर्जात दोन्ही कलमं लिहा. कलम लावायचं की नाही ते पोलीस ठरवतील, पण अर्ज लिहिणारी बाई गोंधळलेली नाही एवढं त्यांना दिसतं.

सायबर फसवणुकीच्या मदतीचा १९३० हा नंबर सगळीकडे ऐकला असेल. खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तर तो पहिल्या तासात लावायचा, म्हणजे पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. तुमच्या प्रकरणात घोडा दीड वर्षापूर्वीच तबेल्यातून गेलाय. तुम्ही सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, पोचपावतीची प्रिंट काढा आणि ती घेऊन ठाण्यात जा. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, इथे बरेच जण फसतात आणि घरी वाट बघत बसतात. मुंबईत पाच विभागीय सायबर पोलीस ठाणी आहेत, पण अर्ज कुठल्याही ठाण्यात देता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवायचं नाही, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. एफआयआर झाला की त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

तरीही नाही म्हणाले तर भांडू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवकला द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तो शिक्का असलेला कागद म्हणजे निम्मं काम. मग तोच अर्ज स्पीड पोस्टाने परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवा. तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण त्या पायरीला वकील घ्या. सहसा उपायुक्तांना पत्र गेल्यावर ठाण्यातून फोन येतो. रविवारी किंवा गणपती-नवरात्राच्या बंदोबस्तात जाऊ नका, कोणाकडे वेळ नसतो. साध्या मंगळवारी सकाळी अकराला जा, एकट्या जाऊ नका.

मुंबईत राहण्याचा एक फायदा सांगते, तो फार कमी लोकांना माहीत असतो. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईच्या तक्रारी त्यांच्यापुढे चालतात. म्हणजे मंत्रालय, लोकलने सीएसएमटी आणि पुढे बस. ओळख न तपासता कर्ज किंवा सिम दिल्याने तुमचं नुकसान झालं, असं तिथे मांडता येतं. आत्ता लगेच नको. कागद जमले आणि कंपनी हटूनच बसली, तर आठवण ठेवा.

वसुलीवाल्यांचं थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. ही रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. फोन आला की एकच वाक्य: ‘हे कर्ज माझं नाही, लेखी तक्रार केली आहे, तक्रार क्रमांक लिहून घ्या.’ आणि ठेवून द्या. रेकॉर्डिंग चालू ठेवा. वाद घालू नका, त्यांना वाद घालायचाच पगार मिळतो. घरी येतो म्हणाले तर या म्हणा, नाव आणि ओळखपत्र घेऊन या.

सासूबाईंना मात्र आज संध्याकाळीच सांगा, आणि पूर्ण सांगा. त्यांना वाटत असणार की सुनेने लपवून कर्ज केलं. तुम्ही गप्प राहिलात तर ते पक्कं होत जाणार.

आता त्या फोनबद्दल मला एक खटकलंय. वसुलीवाल्यांकडे सासूबाईंचा नंबर आला कुठून? तुम्ही तर दिला नाही. कर्जाच्या अर्जात बहुधा संदर्भ म्हणून ओळखीच्या माणसाचा नंबर मागतात. तिथे तो कोणीतरी लिहिलाय. हे वाचून तुमच्या मनात दिराचं नाव आणखी ठळक झालं असेल. थांबा. सिम काढतानाही पर्यायी संपर्क क्रमांक लिहावा लागतो. दिराने त्या वेळी पटकन आईचा नंबर दिला असेल, आणि दुकानात तुमचं आधार, तुमचं पॅन आणि आईचा नंबर असं सगळं एकाच कागदावर आयतं पडलेलं असेल. हातात एवढं आल्यावर दुकानदाराला, त्याच्या नोकराला किंवा तिथे टेबल टाकून बसलेल्या फायनान्सच्या पोराला आणखी काय हवं? मोबाइलचं कर्ज मोबाइलच्या दुकानात निघालंय, हे विसरू नका. शिवाय सिमसाठी पॅन कशाला लागलं? आधार पुरतं. पॅन कोणी मागितलं, दुकानदाराने की दिराने, हा प्रश्न मी पहिला विचारला असता.

चोर सोडून संन्याशाला फाशी नको, आणि भाऊबंद म्हणून चोराला पांघरूणही नको. ह्या दोन्हीच्या मधली वाट कायद्यात आहे. तक्रार अज्ञात इसमाविरुद्ध करता येते. तुम्ही कोणावर आरोप करायचा नाही, काय झालं ते सांगायचं: अमुक महिन्यात अमुक दुकानात सिमसाठी माझी कागदपत्रं दिली होती, दिराने नेली होती. हे लपवू मात्र नका. पुढे तपासात ते निघालं आणि तुम्ही आधी बोलला नव्हतात असं दिसलं, तर संशयाची सुई तुमच्याकडेच वळेल.

पण पोलिसांच्या आधी नवऱ्याला सांगा. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात जड वाटली, दोन कर्जांपेक्षा जड. एकाच खोलीत झोपता आणि हे एकट्या वाहताय. तोंडी सांगितलंत तर ‘माझ्या भावावर संशय घेतेस’ इथून सुरू होईल आणि माहेर-सासर करत कुठेही जाईल. म्हणून रिपोर्ट समोर ठेवून सांगा. रेघ मारलेला पत्ता दाखवा, रेघ मारलेला नंबर दाखवा, आणि म्हणा, चला दोघं मिळून भाऊजींना विचारू, ते सिम कोणाकडून काढलं होतं. दिराने काही केलं नसेल तर तोच तुमचा सगळ्यात कामाचा साक्षीदार आहे, त्याला दुकान आणि माणूस दोन्ही ठाऊक. आणि केलं असेल, तर ते आज कळलेलं बरं, वीस वर्षांचं होमलोन डोक्यावर घेतल्यावर कळण्यापेक्षा. मी नोकरीत अशा बायका पाहिल्या ज्यांनी घराची अब्रू म्हणून दुसऱ्याचं कर्ज मूग गिळून फेडलं. त्यांना कोणी अब्रूदार म्हणालं नाही. पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच नावाने काढलं.

हे चालू असताना बाकीची दारं लावून घ्या. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. ते बघाच. मी गेल्या वर्षी सहज म्हणून बघितलं तर माझ्या नावावर चार नंबर निघाले. दोन माझे, एक मुलाचा, आणि चौथा कोणाचा ते आजतागायत कळलेलं नाही. ‘हा माझा नंबर नाही’ वर बोट ठेवलं. तो बंद होईपर्यंत मला उगाचच वाटायचं की कोणीतरी माझं नाव सांगत गावभर फिरतंय. तुमचं ते न वापरलेलं सिम तिथे चालू दिसलं तर लगेच बंद करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांच्या अर्जाला जोडा, मग कळवा.

आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे बोटाच्या ठशावर कोणी काही काढू शकणार नाही. तिथेच आधार कुठे कुठे तपासलं गेलं त्याचा इतिहास असतो. तो गेल्या सहा महिन्यांचाच दिसतो, तुमच्या दीड वर्षापूर्वीच्या कर्जापर्यंत जाणार नाही, पण चोरी अजून चालू आहे का ते कळेल. अडलं तर १९४७ ला फोन. पॅनसाठी आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण उघडा, तुमची नसलेली मोठी उलाढाल तिथे दिसते. आणि जीएसटीच्या वेबसाइटवर पॅन टाकून शोधायची सोय आहे. लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बाईच्या पॅनवर भंगाराची फर्म निघाली, असं नको व्हायला.

झेरॉक्सबद्दल. दादर स्टेशनबाहेर मी एकदा खारे दाणे घेतले. पुडी उलगडली तर आत एका गृहस्थाचं पॅन कार्ड, फोटोसकट. झेरॉक्सवाल्याकडे काळी आलेली प्रत रद्दीत, रद्दी भेळवाल्याकडे, आणि गृहस्थ माझ्या हातात. दाणे संपेपर्यंत मी त्यांची जन्मतारीख वाचत होते. तेव्हापासून बिघडलेली प्रतसुद्धा मागून घेते, आणि द्यायच्या प्रतीवर फोटोच्या कडेवरून आडवं लिहिते: ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, तारीख, सही. समोरचा कधी तोंड वाकडं करतो, करू दे. आधारची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत डाउनलोड करता येते, बऱ्याच ठिकाणी ती चालते. तुमच्या लॅबमध्येही पेशंटच्या आधारच्या प्रती येत असतील. त्यांचं पुढे काय होतं, ते एकदा बघा.

घराचं राहिलं. बिल्डरला आजच लेखी कळवा की होमलोनमध्ये ओळखीच्या गैरवापराचं प्रकरण निघालंय, तक्रार केली आहे, दोन महिन्यांची मुदत हवी. टोकनच्या पावतीवर रद्द करण्याच्या काय अटी छापल्यात त्या वाचा. होमलोनच्या बँकेलाही तक्रारींच्या प्रती द्या. नोंद निघाल्याशिवाय कर्ज मिळणं अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. यजमानांच्या एकट्याच्या नावावर किती बसतं ते मात्र विचारून ठेवा. कंपन्यांनी कर्ज तुमचं नाही असं मान्य केलं की तोंडी ‘झालं मॅडम’वर समाधान मानू नका, लेटरहेडवर पत्र मागा. रिपोर्ट पुन्हा काढून नोंद गेल्याची खात्री करा, तीन महिन्यांनी परत एकदा बघा. अशी कर्जं दुसऱ्या वसुली कंपनीला विकली जातात आणि नव्या नावाने उगवतात. तेव्हा ते पत्रच कामाला येतं.

एक वही करा. कोणत्या तारखेला कोणाशी बोलणं झालं, काय क्रमांक मिळाला, एवढंच लिहायचं. शंभर पानी पुरेल.

आणि कंपनीकडून अर्जाची प्रत आली, की ती लॅबमधल्या कॉम्प्युटरवर घाईघाईत उघडू नका. घरी आणा. यजमानांना शेजारी बसवा आणि मग बघा, त्या फोटोत कोण आहे ते. मला कळवा.